कडीपाटाची करकर

कडीपाटाची करकर म्हणजे जुन्या वाड्यांच्या आणि घरांच्या माडीवर चालताना लाकडी जमिनीतून निघणारा आवाज होय. लाकडी कड्यांवर फळ्या जडवून तयार केलेल्या मजल्याला किंवा छताला मराठीत कडीपाट म्हणतात. त्याच्या फळ्यांच्या आच्छादनाला तक्तपोशी असेही म्हटले जाते. फळी व कडी, फळी व खिळा किंवा दोन शेजारच्या फळ्या यांच्यातील सैल पडलेला सांधा पावलाच्या भाराने हलतो व घर्षणामुळे आवाज होतो. बहुतेक वेळा ही करकर निरुपद्रवी असते आणि अल्प खर्चात दूर करता येते. परंतु तुळईचे किंवा कडीचे भिंतीतील टोक कुजल्याचीही ती पहिली खूण असू शकते. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी आवाजाचे मूळ शोधणे आवश्यक ठरते.

## सिन्नर परिसरातील पार्श्वभूमी

सिन्नर हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव नाशिक–पुणे महामार्गावर, नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. यादवांची आरंभीची राजधानी म्हणून ते ओळखले जाते. येथील गोंदेश्वर मंदिर हे दगडी बांधकामाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. निवासी बांधकामाची परंपरा मात्र वेगळी आहे. गावठाणातील जुन्या घरांत दगडी जोते, त्यावर मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जात रचलेल्या दगड-विटांच्या जाड भिंती आणि आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा अशी रचना आढळते. दर्शनी लाकडी माडी आणि तिच्याकडे जाणारा अरुंद, चढा लाकडी जिना हे अशा घरांचे नेहमीचे भाग होत.

या प्रकारच्या बांधकामाची मोठी उदाहरणे जिल्ह्यात इतरत्र पाहता येतात. नाशिकच्या सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा आणि चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल या दोन्ही वास्तू लाकडी खांब, तुळया व कोरीवकामासाठी परिचित आहेत. बांधकामासाठी सागवानाला प्राधान्य दिले जाई. पश्चिमेकडील पेठ व सुरगाणा हे डोंगराळ भाग आणि लगतचे डांग हे सागाच्या जंगलांचे प्रदेश आहेत.

हवामानाचाही करकरीशी थेट संबंध आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी परिसरात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील सिन्नर तालुका पर्जन्यछायेत येतो व तेथे पाऊस त्यामानाने फारच कमी असतो. तरीही जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवा आणि फेब्रुवारी ते मे या काळातील कोरडी, तापलेली हवा यांतील फरक मोठा असतो. लाकूड दरवर्षी या दोन टोकांमध्ये फुगते आणि आकसते.

## रचना आणि संज्ञा

कडीपाटाच्या मजल्यात भार वरून खाली पुढील क्रमाने जातो.

* फळ्या (पाट): पायाखालचा थर. जुन्या कामात फळ्यांची जाडी साधारणपणे २५ ते ४० मिलिमीटर असते. चांगल्या कामात शेजारच्या फळ्या एकमेकींत खाच-जिभेच्या सांध्याने बसवलेल्या असतात. साध्या कामात त्या नुसत्या कडेला कड लावून ठोकलेल्या असतात.
* कड्या: फळ्यांना आधार देणारी, ठरावीक अंतराने टाकलेली आडवी लाकडे.
* तुळई: कड्यांचा भार घेणारे मोठे आडवे लाकूड. तिची टोके भिंतीत किंवा खांबावर टेकतात.
* हस्त व खांब: तुळई आणि खांब यांच्यामध्ये हस्त असतो. तो टेकण्याची जागा रुंद करतो आणि तुळईचा गाळा काहीसा कमी करतो.
* खण: दोन तुळयांमधील किंवा खांबांच्या दोन ओळींमधील अंतर. जुन्या घराचा आकार किती खणी यावरून सांगितला जातो.

अनेक घरांत फळ्यांऐवजी कड्यांवर किलचा, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या चिपा, दाटीने पसरून त्यावर मातीचा थर देतात व जमीन शेणाने सारवतात. अशी मातीची जमीन सहसा करकरत नाही, कारण मातीच्या वजनाने किलचा दाबून बसलेल्या असतात आणि माती आवाज शोषून घेते. म्हणून मातीच्या माडीतून आवाज येऊ लागल्यास तो वरच्या थरातील नसून कडीचा किंवा तुळईचा असण्याची शक्यता अधिक असते.

मातीच्या थराचे वजन मोठे असते. १० सेंटिमीटर जाडीचा दाबून बसवलेला थर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १६० ते १८० किलोग्रॅम भार देतो. निवासी मजल्यावरील माणसे व सामान यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) मध्ये धरलेला भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम, आहे. हा भार मातीच्या वजनाच्या वर येत असतो.

## आवाज होण्याची कारणे

### लाकडाचे आकसणे

लाकूड हवेतील ओलाव्याशी समतोल राखते. त्यातील ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली गेला की ते आकसू लागते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. सागाच्या बाबतीत ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत ते त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, तर वाढ-वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के असते. इतर अनेक लाकडांच्या तुलनेत हे प्रमाण कमी आहे व सागाच्या टिकाऊपणाबरोबर हेही त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे.

हे आकसणे लहान वाटले तरी रुंद फळीत ते जाणवते. ३०० मिलिमीटर रुंदीच्या, स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेल्या सागाच्या फळीतील ओलावा पावसाळा ते उन्हाळा या काळात चार टक्क्यांनी उतरल्यास तिची रुंदी सुमारे अडीच मिलिमीटरने घटते. इतकी फट खिळा सैल होण्यास आणि शेजारच्या फळ्या एकमेकींवर घासण्यास पुरेशी असते.

### खिळा सैल होणे

खिळा लाकडाच्या तंतूंच्या दाबामुळे धरून राहतो. दरवर्षीच्या फुगण्या-आकसण्याने हा दाब ढिला पडतो. पाऊल पडताच फळी खिळ्याच्या दांड्यावरून खाली सरकते व पाऊल उचलताच वर येते. ही हालचाल सलग नसून अडकत व सुटत होते. सारंगीचा गज तारेला धरून सोडतो व त्यातून स्वर निघतो, तसाच हा प्रकार आहे. लोखंडी खिळा गंजलेला असल्यास घर्षण वाढते आणि आवाज तीव्र होतो.

### फळीला फळी घासणे

खाच-जिभेच्या सांध्यात जीभ झिजली किंवा तुटली तर एका फळीवरचा भार शेजारच्या फळीकडे जात नाही. दोन्ही फळ्या वेगवेगळ्या खाली-वर होतात आणि त्यांच्या कडा घासतात. हा आवाज बहुधा कोरड्या ऋतूत वाढतो व पावसाळ्यात फळ्या फुगल्यावर थांबतो.

### कड्यांचे वाकणे

कडी अपेक्षेपेक्षा अधिक वाकत असेल तर तिच्यावरील सर्व सांधे हलतात. लाकडी बांधकामाविषयीच्या आयएस ८८३ या मानकानुसार आडव्या लाकडाचे वाकणे सर्वसाधारणपणे गाळ्याच्या १/२४० पेक्षा, आणि खाली ठिसूळ छत असल्यास १/३६० पेक्षा अधिक नसावे. ३ मीटर गाळ्यासाठी ही मर्यादा अनुक्रमे १२.५ आणि सुमारे ८.३ मिलिमीटर येते.

माडीचा वापर बदलल्यानेही वाकणे वाढते. राहण्याच्या माडीवर धान्याची पोती रचली, तर १०० किलोग्रॅमच्या तीन पोत्यांची अर्ध्या चौरस मीटरवरील थप्पी दर चौरस मीटरला ६०० किलोग्रॅम भार देते. हा निवासी भाराच्या तिप्पट आहे.

### टोकांचे कुजणे व कीड

कडी किंवा तुळई जेथे भिंतीत शिरते ती जागा सर्वांत नाजूक असते. छपराची गळती, तुंबलेली पन्हळ किंवा ओल धरणारी भिंत यांमुळे हे टोक सतत दमट राहते व बुरशीने कुजते. ओलसर लाकडाकडे वाळवीही आकर्षित होते. सागाचा गाभा वाळवीला बराच काळ दाद देत नाही. पण त्याचे बाहेरचे कोवळे लाकूड आणि दुरुस्तीत वापरलेली हलकी लाकडे लवकर बळी पडतात. वरून रंग किंवा तेल दिलेली कडी आतून पोकळ झालेली असू शकते.

## निदान

आवाजाची जागा शोधण्यासाठी दोन व्यक्ती लागतात. एकाने माडीवर ओळीने, प्रत्येक फळीवर थांबत चालावे आणि दुसऱ्याने खालून पाहावे व ऐकावे. जेथे हालचाल दिसते तेथे खडूने खूण करतात. फळ्यांवरील खिळ्यांच्या ओळींवरून कड्यांची जागा कळते.

निरीक्षणात पुढील बाबी नोंदवतात.

* आवाज एकाच फळीचा आहे, फळ्यांच्या ओळीचा आहे की संपूर्ण खणाचा. पहिल्या प्रकारात खिळा, दुसऱ्यात कडी आणि तिसऱ्यात तुळई किंवा तिचे टोक संशयित ठरते.
* आवाज ऋतूनुसार बदलतो का. उन्हाळ्यात येणारा व पावसाळ्यात थांबणारा आवाज आकसण्याचा असतो. पावसाळ्यात सुरू होणारा किंवा वाढणारा आवाज ओल अथवा कूज सुचवतो.
* खालून पाहता फळी आणि कडी यांच्यात फट दिसते का.
* पाणसळ ठेवली असता जमीन एका बाजूस उतरलेली आहे का.
* भिंतीलगतच्या कडीच्या टोकात टोच्या किंवा पेचकस सहज शिरतो का. निरोगी सागात तो अडतो; कुजलेल्या लाकडात विनासायास आत जातो. हातोडीने ठोकल्यावर भरीव लाकूड खणखणीत, तर पोकळ लाकूड बद्द आवाज देते.
* भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या किंवा जमिनीवर लाकडाचा भुसा दिसतो का.

## दुरुस्ती

### योग्य काळ

सिन्नरसारख्या भागात मार्च ते मे हा काळ फळ्या व कड्यांच्या दुरुस्तीस सोयीचा असतो. या काळात लाकूड सर्वाधिक आकसलेले असते, त्यामुळे सर्व सैल सांधे उघड होतात. मात्र फळी-फळीमधील फटी या काळात गच्च भरू नयेत. पावसाळ्यात फळ्या फुगल्यावर त्यांना जागा न मिळाल्यास त्या मधोमध उचलल्या जातात आणि खिळे उपटले जातात. गळती व पन्हळींची तपासणी पावसाळ्यात करून त्यांची दुरुस्ती पावसाळा संपताच करणे इष्ट असते.

### वंगण

फळीला फळी घासत असल्यास फटीत संगजिऱ्याची किंवा ग्राफाइटची पूड घालतात, किंवा मेण घासतात. घर्षण कमी होऊन आवाज थांबतो. हा उपाय तात्पुरता असून झाडलोटीबरोबर पूड निघून जाते. खाद्यतेल वापरू नये. ते धूळ धरते व मुंग्यांना बोलावते.

### वरून स्क्रू बसवणे

सैल खिळा पुन्हा ठोकल्यास तो त्याच सैल भोकात जातो व काही महिन्यांत आवाज परत येतो. म्हणून खिळ्याशेजारी स्क्रू बसवतात. कामाचा क्रम असा असतो.

1. कडीची मध्यरेषा निश्चित करावी.
2. फळीमध्ये स्क्रूच्या बाहेरील जाडीपेक्षा किंचित मोठे भोक पाडावे. यामुळे स्क्रूचे आटे फळीत न अडकता फळी कडीवर ओढली जाते.
3. कडीमध्ये स्क्रूच्या गाभ्याइतके भोक पाडावे. सागासारख्या लाकडात भोक न पाडता स्क्रू पिळल्यास लाकूड चिरते किंवा स्क्रूची मान तुटते.
4. फळीवर एका व्यक्तीने उभे राहून फट मिटवावी आणि त्या स्थितीत स्क्रू आवळावा.
5. स्क्रूचे डोके फळीच्या पातळीखाली घेऊन वरची जागा त्याच लाकडाच्या गुटख्याने बुजवावी आणि रंधा मारून सारखी करावी.

स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या दुप्पट ते अडीचपट ठेवतात. गंज टाळण्यासाठी जस्ताचा लेप दिलेले किंवा पितळी स्क्रू वापरतात.

### खालून पाचर बसवणे

कडीपाटाची खालची बाजू उघडी असल्यास दुरुस्ती खालून करणे श्रेयस्कर असते, कारण वरच्या फळ्यांना धक्का लागत नाही. फळी व कडी यांमधील फटीत सागाची पातळ पाचर सरस किंवा लाकूडकामाचे चिकट द्रव्य लावून हलकेच सरकवतात. पाचर हातोडीने जोरात ठोकल्यास फळी वर उचलली जाते व शेजारी नवी फट पडते. फट लांब असल्यास एकामागून एक पाचरी न मारता कडीच्या बगलेला पट्टी लावतात. पट्टी फळीला तळाशी भिडवून कडीत स्क्रूने घट्ट करतात.

### कड्यांना बळकटी देणे

संपूर्ण खण हलत असेल तर केवळ फळ्या आवळून उपयोग होत नाही. यासाठी तीन उपाय प्रचलित आहेत.

* आडवे ठोकळे: दोन कड्यांच्या मध्ये कडीच्याच उंचीचे ठोकळे घट्ट बसवतात. एका कडीवरील भार शेजारच्या कड्यांत वाटला जातो आणि कड्या बाजूला कलत नाहीत.
* जोडकडी: जुन्या कडीला लागून नवी कडी बोल्टने जोडतात. तितक्याच मापाची आणि तशाच लाकडाची जोडकडी लावल्यास वाकणे निम्म्यावर येते. उंची दुप्पट असलेल्या अखंड कडीचा ताठपणा मात्र आठपट असतो. म्हणून जागा असल्यास रुंदीपेक्षा उंची वाढवणे लाभाचे ठरते.
* मधला आधार: कड्यांच्या मध्यावर खालून आडवी तुळई व खांब देतात. यामुळे गाळा निम्मा होऊन वाकणे फार मोठ्या प्रमाणात घटते. या खांबाचा भार थेट जमिनीतील भक्कम पायावर जावा लागतो. खालच्या फरशीवर नुसता टेकवलेला खांब फरशीसह खचतो.

### कुजलेले टोक

टोक कुजले असल्यास प्रथम ओलीचे मूळ बंद करतात. त्यानंतर कडी किंवा तुळई तात्पुरत्या टेकूंवर घेतात, कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून टाकतात आणि नवा तुकडा तिरक्या सांध्याने व दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांनी जोडतात. भिंतीतील खोबणीत टोकाभोवती हवा खेळण्यास थोडी जागा ठेवतात. टोक सिमेंटने लिंपून बंद केल्यास ओल आत कोंडते.

खचलेली तुळई स्क्रू-जॅकने उचलताना दिवसाला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक उचलत नाहीत. अनेक वर्षे वाकलेल्या स्थितीत राहिलेले लाकूड आणि त्यावरील भिंती एकदम सरळ केल्यास तडे जातात. हे काम अनुभवी सुताराने, अभियंत्याच्या देखरेखीखाली करावयाचे असते.

वाळवीची बाधा असल्यास विद्यमान इमारतींच्या उपचारांसाठी आयएस ६३१३ (भाग ३) हे मानक उपलब्ध आहे.

### जिना

लाकडी जिन्याची करकर बहुधा पायरीची आडवी फळी व तिच्या खालची उभी फळी यांच्या सांध्यातून येते. जिन्याखालून जाता येत असल्यास या कोनात त्रिकोणी ठोकळे चिकटवून स्क्रूने बसवतात. पायरीची कड झिजून उतरती झाली असल्यास आवाज थांबवण्यापेक्षा पायरी बदलणे सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

## सामान्य चुका

जुन्या कडीपाटावर करकर थांबवण्यासाठी सिमेंट काँक्रीटचा थर आणि फरशी घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ५ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट दर चौरस मीटरला सुमारे १२० किलोग्रॅम वजन वाढवते. मातीचा थर काढून न टाकता त्यावरच असा थर घातल्यास कड्यांवरील कायमचा भार ३०० किलोग्रॅमच्या आसपास जातो. आवाज दाबला जातो, परंतु कड्यांची स्थितीही दृष्टिआड होते आणि ओल खाली मुरत राहते. खालच्या बाजूने बंद छत लावल्यानेही हाच परिणाम होतो.

दुसरी चूक म्हणजे जुने सागवान काढून त्या जागी न वाळवलेले, हलके लाकूड वापरणे. ते बसवल्यानंतर आकसते आणि पहिल्याच उन्हाळ्यात नवी करकर सुरू होते. निरनिराळ्या उपयोगांसाठी लाकडात किती ओलावा चालतो हे हवामान विभागांनुसार आयएस २८७ या मानकात दिले आहे. पाडलेल्या वाड्यांतील सागवानाला फर्निचरसाठी मागणी असते. तेच लाकूड पुरेसे वाळलेले व स्थिर झालेले असल्याने दुरुस्तीसाठीही ते योग्य ठरते.

## धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास माडीचा वापर थांबवून टेकू द्यावेत आणि अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी.

* करकरीऐवजी लाकूड चिरल्यासारखा कडकड आवाज, विशेषतः कोणी चालत नसताना.
* तुळई भिंतीतून बाहेर सरकल्याची खूण किंवा तिच्या टेकणीखाली भिंतीला उभी तडा.
* जमिनीचा उतार काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाढणे.
* दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे.
* संततधार पावसात भिंतीची माती सुटणे किंवा भिंत फुगणे.

जुन्या नाशिकमध्ये आणि राज्यातील इतर शहरांत पावसाळ्यात वाडे कोसळण्याच्या घटना घडल्या आहेत. मातीच्या दर्जातील भिंत भिजून कमकुवत होणे व त्याच वेळी लाकडी टोकांनी दगा देणे हे अशा पडझडीमागील नेहमीचे कारण असते.

## कायदेशीर बाजू

अनेक जुन्या वाड्यांत भाडेकरू राहतात आणि दुरुस्ती कोणी करावी यावर वाद होतो. जेथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे तेथे कलम १४ नुसार जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांच्या वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करू शकतो व खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र कोणत्याही एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. जुन्या वाड्यांची भाडी अत्यल्प असल्याने या तरतुदीतून फळ्या आवळण्यासारखी किरकोळ कामे होऊ शकतात. तुळई बदलण्याचा खर्च त्यात बसत नाही.

धोकादायक इमारतींबाबत नोटीस देण्याचे व आवश्यक तर त्या रिकाम्या करण्याचे अधिकार स्थानिक नगरपरिषदेला किंवा महानगरपालिकेला असतात. संरक्षित स्मारक घोषित झालेल्या वास्तूत पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय दुरुस्ती करता येत नाही.

## इतर देशांत

लाकडी जमिनीची करकर जगभर आढळते. जपानमधील क्योतो येथील निजो किल्ल्याच्या ओसऱ्या चालताना पक्ष्यासारख्या चिवचिवतात. अशा जमिनीला जपानीत उगुइसुबारी म्हणतात. फळ्यांखालील लोखंडी आकडे व खिळे एकमेकांवर हलल्याने हा आवाज होतो. युरोप व अमेरिकेतील लाकडी घरांत दुरुस्तीच्या पद्धती मुख्यतः याच आहेत. तेथे कड्यांची खालची बाजू बहुधा छताने झाकलेली असल्याने वरून स्क्रू बसवण्यावर अधिक भर असतो. उघड्या कडीपाटात मात्र दोष खालून पाहता येतो, आणि दुरुस्तीही तेथूनच करता येते.

## हे सुद्धा पाहा

* वाडा
* माळवद
* सागवान
* वाळवी
* सिन्नर
* सरकारवाडा, नाशिक